पाच जण आणि सहावी खुर्ची

धर्मादाय दवाखान्याच्या दारातून आत शिरले की समोरच्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी हमखास दिसते. अमक्या शेठजींनी मातोश्रींच्या स्मरणार्थ इतके रुपये दिले, तमक्या पेढीने एक खाट दिली, फलाण्या बाईंनी पाण्याची टाकी बांधून दिली. आजाऱ्याबरोबर आलेला नातेवाईक औषधाच्या खिडकीशी रांगेत उभा असतो, तो ही पाटी वरपासून खालपर्यंत वाचून काढतो. दुसरे वाचायला तिथे असते काय? पैसे कोणी दिले, एवढे त्याला पाटीवरून कळते. पण त्या पैशाचे पुढे काय करायचे हे ज्यांनी ठरवले ती माणसे कोण, ती आधी काय करत होती, कोणत्या घरातून आणि कोणत्या धंद्यातून येऊन त्या खुर्च्यांवर बसली, हे कोणत्याही भिंतीवर लिहिलेले नसते. आणि गंमत अशी की दवाखान्याचे बरेवाईट देणगीदारापेक्षा या माणसांवरच अधिक अवलंबून असते.

या माणसांना आपण विश्वस्त म्हणतो. मराठीचा मास्तर असल्यामुळे शब्दापाशी थांबल्याखेरीज मला पुढे जाववत नाही, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. ‘विश्वस्त’ आणि ‘विश्वास’ या दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘श्वस्’ हा धातू आहे; श्वस् म्हणजे श्वास घेणे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो त्याच्यावर आपला विश्वास. दवाखान्याच्या बाबतीत हा अर्थ किती चपखल बसतो पाहा! तेव्हा ज्यांच्या भरवशावर आजारी माणसाने मोकळा श्वास घ्यायचा, ते कोणत्या मुशीतून निघाले आहेत ही चौकशी काही रिकामटेकड्याची नव्हे.

आमच्या हुपरीत मुशीची भाषा कोणालाही समजते. चांदीच्या पैंजणांचे हे गाव. इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते की शुद्ध चांदी मऊ असते. नुसत्या शुद्ध चांदीचा दागिना वापरात टिकत नाही, वाकतो, झिजतो. त्यात दुसऱ्या धातूचा मेळ घालावाच लागतो. किती घालायचा यात कारागिराची अक्कल, आणि किती घातला हे खरे सांगण्यात त्याची नियत. विश्वस्त मंडळाचेही नेमके असेच आहे. नुसते संत बसवले तर मंडळ वाकते. नुसते व्यवहारी बसवले तर कस जातो.

याचा सर्वांत मोठा दाखला पाहायला आपल्याला स्वित्झर्लंडातल्या जिनिव्हा शहरी जावे लागेल. लाल फुलीचे चिन्ह आज जगाच्या पाठीवर कोणालाही ओळखता येते. त्या रेडक्रॉसचा जन्म १८६३ सालच्या फेब्रुवारीत पाच माणसांच्या एका छोट्या समितीतून झाला. हे पाच जण कोण होते?

पहिला आंरी द्युनां. हा ना डॉक्टर, ना शिपाई, हा व्यापारी. फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियात त्याने गिरणीचा उद्योग मांडला होता आणि पाण्याचे हक्क मिळत नव्हते म्हणून थेट सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या कानावर घालायला तो उत्तर इटलीत गेला. २४ जून १८५९ रोजी सोल्फेरिनोची लढाई झाली आणि त्याच संध्याकाळी हा गृहस्थ शेजारच्या कास्तिल्योने गावी पोचला. हजारो जखमी विव्हळत पडलेले, पाणी द्यायला माणूस नाही. द्युनां आपले काम विसरला, गावातल्या बायाबापड्यांना हाताशी धरून जखमींच्या सेवेला लागला, आणि घरी परतल्यावर स्वतःच्या खर्चाने त्याने त्या अनुभवाचे पुस्तक छापले.

दुसरा ग्युस्ताव्ह म्वानिए. हा कायद्याचा पदवीधर आणि जिनिव्हातल्या एका लोककल्याण मंडळाचा अध्यक्ष. शिस्तीचा, मोजून मापून बोलणारा. पुस्तक वाचून रडणारे पुष्कळ निघाले, पण पुस्तक वाचून सभेची विषयपत्रिका तयार करणारा हा एकटाच. तिसरा जनरल दुफूर, वय वर्षे पंचाहत्तर. लष्करी अभियंता, स्वित्झर्लंडचे नकाशे करणारा. १८४७ च्या स्विस यादवीत सेनापती असताना शत्रूच्या जखमींनाही जपा, असे त्याने आपल्या सैनिकांना बजावले होते. ज्या सम्राटाला भेटायला द्युनां निघाला होता, तो तरुणपणी थूनच्या लष्करी शाळेत याच दुफूरच्या हाताखाली शिकलेला! चौथा लुई आपिया आणि पाचवा तेओदोर मोन्वार हे दोघे डॉक्टर. त्यातल्या आपियाने युद्धातल्या जखमा इटलीच्या इस्पितळांत प्रत्यक्ष हाताळल्या होत्या.

पाचांत दोनच डॉक्टर, हे लक्षात घ्यावे. व्यापाऱ्याने तळमळ दिली, वकिलाने नियम दिले, सेनापतीने राजदरबारी वजन दिले, डॉक्टरांनी जखमेचे ज्ञान दिले. या पाचांपैकी एक जरी कमी असता तरी २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी त्या पहिल्या जिनिव्हा करारावर सह्या केल्या असत्या की नाही, याची शंका वाटते.

पण या मेळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८६७ साली द्युनांचे दिवाळे निघाले, आणि ज्या समितीचा तो प्राण होता तिच्यातून त्याला बाहेर पडावे लागले. त्याचे आणि म्वानिएचे पुढे कधीच जुळले नाही. म्वानिए अध्यक्षपदावर अखेरपर्यंत राहिला. द्युनां मात्र गरिबीत गावोगाव भटकत शेवटी हायडेन गावच्या रुग्णालयातील एका खोलीत येऊन पडला. १९०१ साली शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक फ्रेडरिक पासी यांच्याबरोबर विभागून त्याला मिळाले, तेव्हा कुठे जगाला त्याची आठवण झाली. दोघेही १९१० सालीच वारले, दोन महिन्यांच्या अंतराने. तळमळीला हिशेब येत नाही आणि हिशेबाला तळमळ सोसत नाही, हे भांडण आपल्या तालुक्यातल्या संस्थांतच असते असे नाही. ते जिनिव्हातही होते.

आणखी एक गोष्ट. या पाचांत बाई नव्हती. कास्तिल्योनेच्या ज्या बायकांनी पाणी पाजले, पट्ट्या बांधल्या, त्यांच्यातली कोणी समितीत येणे दूरच. समितीवर पहिली स्त्री आली ती १९१८ साली, रेने-मार्गरीत क्रामेर ही इतिहासाची अभ्यासक. शिवाय समितीचे सदस्य आजही स्विस नागरिकच असतात. आणि जखमी शिपाई? ज्याच्यासाठी हे सारे, तो शिपाई म्हणून त्या टेबलाशी कोणी बसला नव्हता. त्याची खुर्ची सहावी. ती मांडलीच गेली नव्हती.

या सहाव्या खुर्चीची गोष्ट सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. तिचा माग काढायचा तर लढाईच्या मैदानावरून आपल्या परिसरात यावे लागेल आणि एका जुन्या रोगाकडे वळावे लागेल.

आजारपण म्हटले की आमच्या भागातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मिरजेकडे वळत आला. १८८९ साली हिंदुस्थानात आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत १८९४ साली इस्पितळ उभे केले, ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने. शस्त्रक्रिया मिरजेत व्हायची आणि धोरण ठरायचे सातासमुद्रापार. याच मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी रिचर्डसन रुग्णालय आहे. ते चालवते ‘लेप्रसी मिशन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था. तिचे मूळ पाहावे तर तिथेही डॉक्टर नाही! वेलस्ली बेली नावाचा एक आयरिश तरुण १८६९ साली पंजाबातल्या अंबाल्यास मिशनच्या शाळेत मास्तर होता. तिथे त्याने कुष्ठरोग्यांच्या झोपड्या पाहिल्या. १८७४ साली मायदेशी गेल्यावर डब्लिनजवळ पिम नावाच्या तीन बहिणींच्या घरी त्याने ही हकिगत सांगितली, आणि त्या बहिणींनी वर्षाला तीस पौंड जमवून देण्याचे कबूल केले. एक मास्तर, त्याची पत्नी अ‍ॅलिस आणि शेजारपाजाऱ्यांकडून वर्गणी गोळा करणाऱ्या तीन बहिणी; एवढ्या भांडवलावर ही संस्था उभी राहिली. बेलीने तिचा कारभार १९१७ सालापर्यंत पाहिला. मास्तरांच्या हातून काही होत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आपल्या महाराष्ट्राची परंपराही काही वेगळी नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली कुष्ठधाम काढणारे मनोहर दिवाण हे विनोबांचे सहकारी, आश्रमवासी. वैद्यकीची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. आपल्या विधायक कार्यक्रमात कुष्ठसेवेचा समावेश करताना गांधीजींनी मुद्दाम उल्लेख केला तो यांच्याच कामाचा. अमरावतीला १९४६ साली तपोवन उभारणारे डॉ. शिवाजीराव पटवर्धन होमिओपॅथीचे. आणि बाबा आमटे? हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेले, जमीनदाराच्या घरातले, वरोऱ्याला वकिली करणारे आणि तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष. तुळशीराम नावाच्या एका कुष्ठरोग्याला पावसात पडलेला पाहून आधी भ्यालेले आणि मग त्या भीतीचीच लाज वाटून परतलेले बाबा महाराष्ट्राला ठाऊक आहेत. पण त्यानंतर ते कलकत्त्याला जाऊन कुष्ठरोगाचे शिक्षण घेऊन आले, १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती रीतसर स्थापन केली आणि मगच १९५१ साली आनंदवनाची कुदळ मारली, हा क्रम आपण विसरतो. अंतःकरण पाझरले ते माणसाचे. पण समिती नोंदवली ती त्याच्यातल्या वकिलाने.

त्याच १९५१ साली वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. डॉ. वार्डेकरांच्या देखरेखीखाली त्याने एक नवी रीत पाडली: रोग्याने दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही, घरोघर जाऊन पाहणी करायची, लोकांना समजावायचे, आणि घरी राहूनच औषध द्यायचे. वसाहतीच्या भिंती पाडणारी ही कल्पना होती. इथे वैद्यकीच्या माणसानेच वैद्यकीला रुग्णालयाबाहेर काढले.

आता त्या सहाव्या खुर्चीकडे येतो. टी. एन. जगदीशन हे नाव महाराष्ट्रात फारसे कोणी घेत नाही. मद्रासकडचे हे गृहस्थ इंग्रजीचे अध्यापक. कुष्ठरोग त्यांना लहान वयातच जडला होता. अपमान, लपवाछपवी, नोकरीची धास्ती, सारे काही त्यांनी भोगले होते. पुढे ते बरे झाले, आणि बरे झाल्यावर गप्प बसले नाहीत. कस्तुरबांच्या नावाने तमिळ मुलखात निघालेल्या कुष्ठनिवारण केंद्राचे ते आधारस्तंभ झाले, अखिल भारतीय पातळीवरच्या कामाचे संघटक झाले, १९५७ साली पद्मश्री झाले. त्यांनी आत्मचरित्र लिहिले ते १९८८ साली, आणि त्याच्या नावातच असे सुचवले की आयुष्याचे सार्थक या रोगातून झाले. बैठकीत इतर लोक रोगाविषयी बोलत असणार; हा माणूस रोगी असण्याविषयी बोलू शकत होता. या दोहोंतले अंतर ज्याचे जळते त्यालाच कळते.

ही खुर्ची मिळणे किती कठीण होते, ते कायद्याच्या इतिहासावरून दिसते. इंग्रजांचा १८९८ सालचा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा अधिकृतपणे रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणारी कलमे २०१९ साली निघाली. आणि ओडिशातल्या एका नगरपालिकेवर रीतसर निवडून आलेल्या सदस्याचे पद केवळ कुष्ठरोगाच्या कारणावरून गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली ते कलम वैध ठरवले. बहुविध औषधांची उपचारपद्धती जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ सालीच सुचवली होती. रोग औषधाने बरा होत होता, पण खुर्ची मिळत नव्हती. अखेर १९९४ साली ब्राझीलमध्ये कुष्ठरोग भोगलेल्या माणसांनी स्वतःची आंतरराष्ट्रीय संघटनाच काढली. बोलावणे येत नाही म्हटल्यावर त्यांनी आपले टेबल वेगळे मांडले.

रोग घरात शिरला म्हणजे श्रीमंताचीही खुर्ची कशी बदलते, याचे उदाहरण मुंबईचे आहे. सर दोराबजी टाटा हे जमशेटजींचे थोरले चिरंजीव. तरुणपणी काही काळ वर्तमानपत्रात काम केलेले, पुढे पोलाद आणि वीज यांचे कारखाने उभे करणारे. त्यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजींनी त्यांच्या नावाने विश्वस्त निधी स्थापन केला आणि त्यातला मोठा वाटा देशोदेशीच्या ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ठेवला. मुंबईच्या पैशाने परदेशातल्या प्रयोगशाळा चालाव्यात, ही गोष्ट त्या काळी केवढी नवलाची! त्याच वर्षी दोराबजीही गेले. पण परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले ते याच घराण्याच्या विश्वस्त निधीतून. पोलादाच्या कारखानदाराला कर्करोगाशी काय कर्तव्य, असे इथे कोणी विचारू शकत नाही. दुःखाने त्याला तो अधिकार दिला होता.

इतके सांगितल्यावर आपल्या घरच्या आरशात पाहणे आले. आपल्याकडे एखादे मंडळ कसे बनते ते आठवावे. गावात धर्मादाय दवाखाना काढायचे ठरते. पहिली खुर्ची देणगीदाराची, ती वादातीत. दुसरी साखर कारखान्याच्या संचालकांची, कारण रस्ता, वीज, पाणी यांसाठी शब्द टाकायला कोणी तरी हवे. तिसरी वकिलांची, घटना लिहायची असते. चौथी निवृत्त हेडमास्तरांची. इतिवृत्त शुद्ध मराठीत उतरले पाहिजे. पाचवी डॉक्टरांची, दवाखाना आहे, तेव्हा एखादा डॉक्टर नको का? यात वाईट काहीच नाही. जिनिव्हाचे पाच आणि हे पाच यांत तत्त्वतः फारसा फरकही नाही. अडचण पुढे येते. देणगीदारांच्या जागी त्यांचे जावई येतात, संचालकांच्या जागी त्यांचे चिरंजीव येतात, आणि दहा वर्षांनी मंडळ पाहावे तो पाचही खुर्च्या एकाच वाड्यातल्या. मेळ राहिला नाही, नुसती भेसळ उरली.

कायद्याने यावर काही उपाय ठेवले आहेत, ते आपल्याला माहीत असावेत. १९५० साली मुंबई राज्याने सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा केला. तोच आज महाराष्ट्राच्या नावाने चालतो. त्यानुसार प्रत्येक सार्वजनिक न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असावी लागते, विश्वस्त बदलले की तसे कळवावे लागते, हिशेब तपासून घ्यावे लागतात, आणि न्यासाची जमीन विकायची तर आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आपल्या जिल्ह्याचे असे कार्यालय कोल्हापुरातच आहे. ठरलेली फी भरून नोंदीची नक्कल मिळते. विश्वस्तांची नावे हे काही देवघरातले गुपित नव्हे.

दुसरी गोष्ट तर थेट खाटेशी निगडित आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे मोठ्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने ठेवायच्या असतात, आणि बिलांच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे असतात. म्हणजे शंभर खाटांमागे वीस खाटा गरिबाच्या हक्काच्या. त्या खरोखर कोणाला मिळतात, दाखल करतेवेळी रुग्णाला हे कोणी सांगते का, हा प्रश्न बैठकीत विचारणार कोण? देणगीदार विचारणार नाहीत, त्यांना कधी त्या रांगेत उभे राहावे लागलेले नाही. डॉक्टर विचारतीलच असे नाही, त्यांना रुग्ण दिसतो तो खाटेवर आल्यानंतर. विचारील तो एकच. जो कधी तरी अनामत रकमेसाठी बायकोचे डोरले मोडून आला असेल.

हुपरीपुरते बोलायचे तर कल्पना करू या. उद्या इथल्या कारागिरांसाठी आरोग्याचा एखादा न्यास निघाला, आणि निघावाही. आटणीच्या भट्टीचा धूर, उजळ देताना उठणारी तेजाबाची वाफ, दिवसभर मान खाली घालून केलेले बारीक जोडकाम, यांचा छातीशी, डोळ्यांशी आणि पाठीशी काय संबंध आहे हे कळायला संशोधक होण्याची गरज नाही. त्या न्यासावर मोठे व्यापारी हवेत, कारण पैसा हवा. हिशेबनीस हवा, कारण पैशाला वाटा फुटतात. डॉक्टर हवाच. वकीलही असू द्यावा. आणि मराठीचा मास्तर घेतलात तर इतिवृत्ताची सोय होईल. पण त्याच टेबलाशी, भिंतीकडेच्या बाकावर नव्हे तर खुर्चीवर, एक जण असा हवा ज्याने वीस वर्षे भट्टीसमोर काढली आहेत. आणि एक बाई अशी हवी जी घरी बसून घुंगरू जोडते. त्यांना घटनेतले कलम वाचता आले नाही तरी चालेल. रात्री खोकला किती वाजता सुरू होतो हे त्यांना सांगता येते, आणि दवाखान्याची वेळ ठरवताना त्याच माहितीची गरज असते. कारण दवाखाना सकाळी दहा ते पाच उघडा राहिला तर कारागीर तिथे पोचायचा कधी?

दिवाळीत आपण हात सैल सोडतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पावतीपुस्तके घेऊन मंडळी येतात, आणि सणासुदीला नाही कसे म्हणावे म्हणून आपण पावती फाडून घेतो. देणगी जरूर द्यावी. फक्त या खेपेला पावती घडी घालून खिशात ठेवण्यापूर्वी विश्वस्तांची यादी मागावी, आणि प्रत्येक नावापुढे एकच गोष्ट विचारावी: हे गृहस्थ आधी काय करत होते? पाच नावांची उत्तरे ऐकून झाली की सहावे नाव विचारावे. तुमच्या दवाखान्यात औषध घेतलेला, तिथल्या रांगेत उभा राहिलेला माणूस या यादीत कोणता? उत्तर मिळाले तर देणगीचा आकडा थोडा वाढवायला हरकत नाही. न मिळाले तर रागावू नये. पुढच्या सभेची तारीख विचारून घ्यावी, आणि त्या दिवशी तशा एखाद्या माणसाला बरोबर घेऊन जावे.